पामाचा रुसवा

ज्या वर्षी पावसाने हात आखडता घेतला, त्याच वर्षी थंडीने मात्र मन मोकळे केले. पौषाच्या उत्तरार्धात गारठा असा उतरला की जालन्याहून राजूरकडे जाणाऱ्या गाडीरस्त्याच्या दोन्ही अंगांचा हरभरा एका पहाटेत काळा पडला. लोक सकाळी शेतात गेले आणि बांधावरूनच माघारी फिरले. रडण्यासारखे होते, परंतु थंडीने जीभच वळत नव्हती.

त्याच रस्त्याला रहिमुन्निसा बेगमांची बाग होती. बागेत एक बसकी बंगली, एक खोल विहीर, केळीचा पट्टा, माळव्याचे चार वाफे आणि बंगलीच्या पायऱ्यांपाशी, दाराच्या दोन बाजूंना दोन द्वारपाल उभे असावेत तसे, दोन पाम. येणारेजाणारे त्यांना विलायती शिंदी म्हणत. खोड राखी रंगाचे, गुळगुळीत, मध्ये किंचित फुगलेले. त्यावर हिरवीगार मान, आणि मानेवर मोराच्या पिसाऱ्यासारखी पाने. फळ खाण्याचे नाही, सावली धरण्याची नाही, रस गाळण्याचा नाही. रस्त्याने जाणारा गाडीवान हटकून विचारी, "माळीबुवा, ह्येचा उपेग काय?" आणि पुंजाराम माळी दरवेळी तेच उत्तर देई, "बगायचा."

पुंजाराम पिढीजात केळीवाला. आजा केळीत वाढला, बाप केळीत मेला. गळ्यात तुळशीची माळ, ओठांत नाम, आणि हातांना केळीच्या चिकाचे न जाणारे काळे डाग. त्याने या बागेत पाऊल ठेवले ते बेगमांचे यजमान हयात असताना. साहेबांनी हैदराबादेहून रेल्वेने दोन रोपे आणवली होती. घासलेटाच्या डब्यांत लावलेली, गुडघ्याएवढी. पुंजारामने ती ठेशनावरून बैलगाडीत घातली आणि कुठे धक्का लागू नये म्हणून दोन्ही डब्यांना दोन हातांनी कवटाळून स्वतः मध्ये बसून आणली. पुढे साहेब गेले. रोपे मात्र वाढत वाढत बंगलीच्या छपराच्या वर गेली.

साहेबांमागे त्यांचा पुतण्या फकरोद्दीन जमिनीची व्यवस्था पाही. माणूस वाईट नव्हता, हिशेबी होता. विहिरीच्या खालच्या अंगाला त्याने मोसंबीची नवी कलमे लावली होती आणि ती पाण्यावाचून माना टाकीत होती. बाग मोडून सगळे पाणी तिकडे वळवावे, असे तो चुलतीला आडून सुचवीत असे. एकदा उघड बोलला तेव्हा बेगमांनी पायऱ्यांवरून दोन्ही झाडांकडे बोट केले होते. "जब तक ये दोनों हैं, बाग है. इनके बाद तेरी मर्जी." त्या वाक्यावर पुंजारामचे खोपट उभे होते, त्याची चूल पेटत होती. बाग गेली तर माळ्याने कुठे जायचे, हे त्या वाक्यात नव्हते.

त्या पहाटे पुंजारामने बागेभर ओल्या पाल्याच्या शेकोट्या केल्या. धूर जमिनीलगत पसरला, पण हिवाने धुरालाही जुमानले नाही. ऊन वर आले तेव्हा केळीची पाने उकडल्यासारखी लोंबत होती. पुंजारामने त्यांच्याकडे बघून फार हळहळ केली नाही. त्याने कोयत्याला धार लावली आणि एकेका केळीचे डोके साफ छाटून टाकले. हे त्याच्या बापाचे शिकवणे. केळीचा जीव डोक्यात नसतो, खाली कंदात असतो. करपलेले डोके उडवले की चार-दोन दिवसांत मधून नवा पोंगा, मिटलेले पान, चिलमीसारखे गुंडाळून वर येतो. केळ कापली म्हणजे मेली, असे फक्त परके म्हणतात.

मग त्याने पामांकडे पाहिले. दोघांचाही मधला पोंगा तांबूस झाला होता. पूर्वेकडच्याचा तर वाऱ्यानेही सैल हलत होता. पुंजारामने शिडी लावली, पूर्वेकडच्या झाडावर चढला आणि पोंगा ओढला. तो कुजक्या वासासकट हातात आला. खाली अजून थोडे तपकिरी दिसत होते. त्याने केळीला घालतात तसा हिरव्या मानेत कोयता घातला आणि निरोगी भाग लागेपर्यंत आत आत जात राहिला. शेवटी पांढरेशुभ्र लागले. हस्तिदंतासारखे, ओलसर, कोवळे. त्याला समाधान वाटले. तेवढा पांढरा तुकडाही त्याने सफाईने उतरवून घेतला, म्हणजे कीड राहायला नको.

खालून त्याची बायको झुंबरबाई हाका मारीत होती. "अवो, भाकर वाळून कडक झाली. उतरा आता."

"दुसऱ्याचं राह्यलंय."

"दुसरं काय पळून चाल्लंय का? सकाळपून पोटात पान्याचा थेंब न्हाई. चक्कर येऊन पडताल तर मला दोन झाडं आन् एक माळी सांभाळाय लागंल."

पुंजाराम हसत उतरला. तो पांढरा तुकडा त्याने तिच्यापुढे धरला. "वास घे."

तिने वास घेतला, दाताने कपटा तोडला आणि तिचे डोळे विस्फारले. "अगं बाई! खोबऱ्यावानी लागतंय की."

भाकरीशी तोंडी लावून दोघांनी तो तुकडा संपवला. त्या वर्षात त्यांच्या जिभेवर आलेला तो बहुधा एकुलता एक गोड घास.

जेवण झाले आणि बघतात तर मोटेचा एक बैल लंगडत होता. खुरात काटा मोडला होता. काटा काढणे, गरम तेल सोडणे, बैलाला बसवणे यात तो दिवस गेला. मग थंडी ओसरली, कामे वाढली, शिडी गोठ्यामागे आडवी पडली. पश्चिमेकडचे झाड कोयत्यावाचून राहिले.

माघ सरता सरता केळी हिरव्या चिलमी वर काढून उभ्या राहिल्या. पश्चिमेकडच्या पामाचा तांबूस पोंगा वाळून कडेला कलला आणि त्याच्या पोटातून नवा, भाल्यासारखा सरळ, पोपटी पोंगा वर आला. पूर्वेकडचे झाड मात्र जसेच्या तसे राहिले. पाने हिरवी, मान हिरवी. फक्त मध्ये काही नाही. पुंजाराम रोज सकाळी तोंड धुताना मान वर करून बघे आणि मनाशी म्हणे, याला थोडा उशीर आहे.

बेगमांच्याही ते ध्यानात आले. वयाने त्यांचा पडदा सैल केला होता. दिवस कलला की त्या पायऱ्यांवर येऊन बसत. घरात त्या उर्दू बोलत आणि पुंजारामशी दोन्ही भाषांची त्यांची स्वतःची अशी खिचडी.

"पुंजाराम, उसको नया पत्ता आया. ह्याला का आला न्हाई जी?"

पुंजारामच्या हातात झारी होती. त्याने ती खाली ठेवली, पुन्हा उचलली. आपण डोके छाटले हे सांगण्यात वास्तविक काही वावगे नव्हते. केळीचे तो रोजच सांगत होता. तरी शब्द वेगळाच आला.

"रुसलंय, बीबीसाब."

"रुसलंय? म्हणजे रूठा है?"

"व्हय जी. हिव बाधलं न्हवं. मन दुखलं की झाड रुसतंय."

बेगम हसल्या. साहेब गेल्यापासून त्या अशा मोकळ्या हसल्याचे कुणी पाहिले नव्हते. ओढणी सावरीत त्या म्हणाल्या, "बिलकुल साहेबांवर गेलं. वो भी ऐसेच. जरा कुछ बोलो, की खाने पे नहीं आते थे. मग मीच जाऊन मनवायची."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपली वेताची खुर्ची पूर्वेकडच्या झाडाखाली मांडायला सांगितली.

फाल्गुनात एके दुपारी बद्रीनाथ कलाल कुंपणाशी पाणी प्यायला थांबला. शिंदीचा रस काढून विकणारा माणूस. खांद्यावर कावड, कावडीला मडकी, मडक्यांभोवती माशांचे घोंगावणे. माळकरी पुंजाराम त्याची सावलीही टाळी. जालन्याच्या वाटेवर शिंदीचे बन लागले तर तो धोतराचा सोगा नाकाला लावून पलीकडून जाई. परंतु तहानलेल्याला पाणी नाही म्हणता येत नाही. त्याने सोगा नाकाला लावूनच, कुंपणावरून लांबून त्याच्या ओंजळीत धार धरली.

पाणी पिऊन बद्रीनाथने मिशा पुसल्या आणि वर पाहिले. बघतच राहिला.

"माळीबुवा, ह्या झाडाचं काळीज कुनी खाल्लं?"

"म्हंजी?"

"म्हंजी गाभा. मधला पांढरा. कापलाय न्हवं कुनीतरी? आमच्यात जंगलातली पोरं चोरून खात्यात शिंदीचा. लई गोड ऱ्हातो. पर एकदा काढला की झाड गेलं. ह्या जातीला एकच डोकं असतंय, बुवा. तुमच्या केळीवानी न्हाई."

"पानं तर हिरवी हायेत."

"ऱ्हातेत की. कोंबडीची मान कापली तरी कोंबडी अंगणभर पळती." मग त्याने पुंजारामच्या तोंडाकडे पाहिले, आणि त्याचा आवाज उतरला. "तुमीच का? आरं देवा. आमच्यातलं शेंबड्या पोरग्यानं बी सांगितलं असतं. तुमी कधी शिंदीखाली बसलाच न्हाई, तुमाला कसं ठावं व्हावं!"

कावड डुलत निघून गेली. पुंजारामने नाकाचा सोगा सोडला. माशांचा आवाज दूर जाऊन थांबला, आणि त्याच्या जिभेवर पौषातली ती चव आपोआप परत आली. त्याने थुंकले. चव गेली नाही.

त्याने झुंबरबाईला सांगितले तेव्हा ती माळव्याला दारं धरीत होती, म्हणजे पाटाचे पाणी खोऱ्याने एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवीत होती. ती वाकलेलीच राहिली. मग म्हणाली, "मी बी खाल्लंय."

"मी दिलं म्हनून."

"मी हाक मारली न्हसती, तर दुसरंबी गेलं असतं," ती म्हणाली, आणि एवढ्यावरच समाधान मानावे की रडावे हे न कळून तिने खोरे जोरात चिखलात हाणले.

चैत्र आला. विहिरीचे पाणी पायऱ्या सोडून खाली गेले. पुंजाराम मोट हाकी. नाडा करकरे, कातड्याची मोट वर येताना अर्धी गळे, आणि थारोळ्यात पडलेले पाणी पाटाने बागेकडे निघे. मध्ये काळ्या जमिनीची एक पट्टी होती. उन्हाने तिला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. पाणी तिथे आले की जमीन ते घटाघटा पिऊन टाकी. पुंजाराम भेगांत माती कोंबी, शेण लिंपी. दुसऱ्या दिवशी शेजारी नवी भेग. निम्मे पाणी बागेपर्यंत पोहोचतच नसे. उरलेल्यात आधी दोन पाम, मग केळी, आणि उरलेच तर झुंबरबाईचे माळवे. वांगी बोराएवढी होऊन वाळली. मेथी उगवलीच नाही.

"मेलेल्याला पानी देऊन राह्यलाव," झुंबरबाई एकदा म्हणाली. "देवा-धर्माचं समजा. पर जित्याच्या तोंडचं काढून?"

"एकालाच दिलं तर बीबीसाब इचारतीन."

"मंग सांगून टाका."

"सांगितलं की बाग गेली. मंग कुठं जाऊ? अंबडला तुझ्या भावाच्या दारात?"

भावाच्या दारात जाऊन राहण्याची चव तिला ठाऊक होती.

रुसव्याची गोष्ट तोवर गावात गेली होती. नंदाबाई गवळण दूध घालायला येई, ती झाडाच्या बुंध्याला हळदकुंकू लावून जाऊ लागली. "आमचं मानूस बी रुसून नांदेडाला गेलंय," ती म्हणे. "ह्याचा रुसवा निघाला तर त्याचाबी निघंल." पुंजारामला बघून गाडीवान ओरडत, "काय माळीबुवा, पाव्हना जेवला का?" त्यावर तो हसे, आणि हसताना त्याचे गाल दुखत.

आणि रोज संध्याकाळी बेगम झाडाखाली तसबी फिरवीत बसत. जप संपला की खोडावर हात ठेवून काहीबाही बोलत. कधी बाजारातल्या कापडाचा भाव, कधी कुणाच्या लेकीचा निकाह. मध्येच आवाज लाडिक होई. "अब मान जाओ जी. कितने दिन?" पलीकडे वाफ्यात खुरपे चालवणाऱ्या पुंजारामला ते सारे ऐकू येई. तो खुरपे जोराजोराने आपटी.

झाडाची पाने एकेक करून गळू लागली. जिवंत पामाचेही खालचे पान अधूनमधून गळतेच, हिरव्या मानेच्या सालीसकट, धप्प आवाज करीत. परंतु तिथे वरून नवे उलगडे. इथे फक्त वजाबाकी होती. वैशाखात पिसाऱ्याची चारच पाने राहिली, आणि मानेचा हिरवा रंग पिकल्या लिंबासारखा झाला.

अशाच एका कलत्या दुपारी फकरोद्दीन टांग्यातून आला. मोसंबीची कलमे बघून त्याचे डोके तापले होते. झाडाखाली चुलतीला सलाम करून त्याने वर पाहिले.

"फूफ्..." त्याने तोंडातून वारा सोडला. "पुंजाराम, हा अजून रुसलेलाच? आता बायको आनून द्यायची का ह्याला?"

पुंजाराम फडक्याने हात पुसत उभा राहिला. त्याच वेळी वरून सळसळ झाली आणि एक पान खाली आले. खुर्चीपासून हातभर अंतरावर ते आपटले. धूळ उडाली. फकरोद्दीन चुलतीला धरायला धावला, परंतु बेगम जागच्या हलल्या नव्हत्या. त्या पानाकडे पाहत होत्या.

"नहीं मानते," त्या हळूच म्हणाल्या. "मेरीच खता है, माझीच चूक."

"चाचीजान, झाड आहे ते."

"तेरेकू क्या मालूम. आखरी बिमारी में मैं उनसे लड़ी थी. दवा पीत नव्हते. मी म्हटलं, नक्को पियो, मरना है तो मरो. और मूँ फेर के बैठ गई." त्यांनी तसबी मुठीत आवळली. "वो बात उनके दिल में रह गई. ह्याच्यात उतरली. म्हणून हे मानत न्हाई. कितना बी मनाऊँ."

पुंजाराम दोन पावले पुढे आला. नामाची सवय असलेले त्याचे ओठ हलले, पण नाम आले नाही.

"बीबीसाब, ते रुसलेलं न्हाई."

फकरोद्दीनने मान वळवली. वाफ्यातली झुंबरबाई खोरे धरून उभी राहिली.

"ते मेलंय. पौषातच मेलं. म्या मारलं. केळीवानी समजून डोस्कं छाटलं ह्याचं. ह्या जातीला एकच डोस्कं असतंय, मला ठावं नव्हतं. मंग ठावं झालं, तरी बोललो न्हाई. रुसलं-बिसलं काई न्हाई. तुमची खता न्हाई. सायबाचा ह्याच्यात काई संबंध न्हाई. आन् त्याचा गाभा आमी दोगांनी भाकरीसंगं खाल्ला."

मोटेचे बैल शेपट्या हलवीत उभे होते. बेगम उठल्या. खोडावरचा हात त्यांनी काढला. तो हात जणू कुठे ठेवावा हे कळेना, तशी त्यांनी तो ओढणीत गुंडाळला. पायऱ्या चढून त्या आत गेल्या आणि दार लोटले गेले.

"खरं बोललास," फकरोद्दीन म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आनंदही नव्हता. "पर चाचींचा लब्ज तुला माहीत आहे. दोन्ही असतील तोवर." टांगा निघून गेला.

पुढचे काही दिवस बेगम पायऱ्यांवर आल्या नाहीत. पुंजारामने मोट धरली, पण पाणी एकाच पामाला दिले. दुसऱ्याच्या आळ्याकडे पाट वळवताना खोरे आपसूक तिकडे जाई आणि तो ते मागे घेई. झुंबरबाईने पितळेची भांडी एका लुगड्यात बांधली, जाते दारात आणून ठेवले आणि मग त्याच जात्यावर रोज दळत राहिली. कारण जायचे तेव्हा जायचे, आज भाकर लागतेच.

एके सकाळी बंगलीतली मोलकरीण कमरबी निरोप घेऊन आली. "बीबीसाब बोले, उसकू उतारो. पानं झडलेलं उघडं नको ठेवू. आन् कोई दूसरा नक्को, पुंजारामच उतरवेल."

पुंजारामने स्नान केले, कुऱ्हाडीला हात जोडले आणि खोडाला दोर लावला. बद्रीनाथ कलाल वाटेने चालला होता. न बोलावता कावड उतरवून तो दोराला लागला, आणि पुंजारामने प्रथमच त्याच्या खांद्याला खांदा लावला. झाड रस्त्याच्या बाजूला झुकले, क्षणभर थांबले आणि पडले. रिकाम्या जागेतून एकदम फार मोठे आभाळ आत आले.

गावचा सुतार येऊन ठोकून गेला. "बाहीर लोखंड आन् आत भुस्सा. ना तुळईचं, ना सरपनाचं." खोड रस्ता अडवून पडले होते, तेव्हा ते फोडून बाजूला करणे भाग होते. बद्रीनाथने पहारीने लांबीत फट पाडली, पुंजारामने पाचरी ठोकल्या, आणि खोड कडकडत उभे चिरले गेले. आतला मगज काथ्यासारखा, ओला, कुजका. दोन फाकी उचलायला हलक्या व्हाव्यात म्हणून झुंबरबाई आत बसून तो खुरप्याने आणि हातांनी खरवडून काढू लागली. कोपरापर्यंत हात लिबलिबीत झाले. नाक मुरडून ती म्हणाली, "कमरबी, हातावर पानी घाल गं."

कमरबीने घागर तिरपी केली. झुंबरबाई एका टोकाला फाकीतच हात धूत बसली होती. हातावरून पडलेले पाणी खाली मातीत गेले नाही. ते फाकीच्या पोटातून घसरत निघाले, वळसे घेत, भुसा पुढे लोटीत, आणि पार दुसऱ्या टोकाला, जिथे पुंजाराम पाचर काढीत होता, त्याच्या पायावर येऊन पडले.

तो दचकून मागे सरकला. मग त्याने खाली पाहिले, मग फाकीच्या पोटात, मग बायकोकडे.

"आनखी ओत," तो म्हणाला.

कमरबीने आणखी ओतली. फकरोद्दीन त्याच वेळी विहिरीकडून येत होता. बाग मोडायची तर कुठून सुरुवात करावी ते बघायला आला होता. तोही थांबला. "सगळी घागर ओत," तो म्हणाला.

सगळी घागर या टोकाची त्या टोकाला गेली. मातीने एक थेंब प्यायला नाही.

फकरोद्दीनने त्या भेगाळ पट्टीकडे पाहिले. हिशेबी माणसाचे डोळे हिशेब करताना बारीक होतात तसे त्याचे झाले. "दोन्ही फाकी टोकाला टोक लावल्या तर थारोळ्यापासून पट्टीपार जाईल का रे?"

"जाईन जी. खाली फांद्यांच्या कैच्या लावाव्या लागतीन."

"मंग आधी बागेला, आन् तिथून उरलेलं खाली माझ्या मोसंबीला. आजवर जमीन जेवढं पीत होती तेवढं मला बस्स आहे." तो थोडा थांबला. "चाचींना विचारावं लागेल."

विचारावे लागले नाही. दोन्ही फाकींच्या पन्हळी कैच्यांवर चढवल्या, सांध्याला चिखल आणि काथ्या भरला, आणि पुंजारामने मोट हाकली, त्या वेळी बंगलीचे दार उघडले होते. बेगम पायऱ्या उतरून आल्या. थारोळ्यातले पाणी पामाच्या पोटात शिरले, भेगांवरून सरळ निघाले आणि उभ्या पामाच्या आळ्यात धारेने पडू लागले. इतकी जाड धार त्या आळ्याने पौषापासून पाहिली नव्हती.

फकरोद्दीन अदबीने म्हणाला, "चाचीजान, आपने बोला था, दोनों हैं तब तक..."

"हौ, बोली थी." बेगमांनी एकदा उभ्या झाडाकडे पाहिले, एकदा आडव्याकडे. "तो? दोनों हैं ना. एक खड़ा है, एक लेटा है. दोघं कामावर आहेत."

झुंबरबाईने तोंडाला पदर लावला. ती हसते आहे की काय, हे कुणाला कळले नाही. पुंजाराम मोटेच्या धावेवरून उतरून आला आणि बेगमांपासून अंतर राखून, मान खाली घालून उभा राहिला.

"पुंजाराम."

"जी."

"कैसा था वो? गाभा."

तो म्हणाला, "गोड व्हता, बीबीसाब. खोबऱ्यावानी."

"साहेबांना खोबरं फार आवडायचं," त्या म्हणाल्या. मग, रुसल्यासारख्या, "मेरे वास्ते रखना था ना थोड़ा."

त्यांनी पन्हळीच्या तोंडाशी ओंजळ धरली. झाडाच्या पोटातून आलेले पाणी किंचित तांबूस होते. त्या ते प्यायल्या, ओला हात उभ्या पामाच्या खोडाला पुसला, आणि कमरबीला खुर्ची आणायला सांगितले.

पुंजाराम परत धावेवर चढला. त्याने बैलांना हाक दिली. खोपटाच्या दारात झुंबरबाई लुगड्याची गाठ सोडून भांडी एकेक करून आत नेत होती. त्यांचा आवाज मोटेच्या करकरीतही त्याला स्पष्ट ऐकू येत होता.